अलंकारांची रचना व त्यांची बोली

गेल्या वर्षीं हस्तकलेच्या तासास मुलींनीं काचेच्या मण्यांच्या माळा ओवून आणिल्या होत्या. त्यांतील एक माळ सात-आठ रंगांची, पदकें व घुंगरें लाविलेली अशी होती. परंतु ती गळ्यांत घालतांच एका बाजूस ओढली जाऊं लागली, आणि दोन मिनिटांत तिचें पदक खांद्यावर येऊन बसलें. दुसरी माळ केवळ काळ्या व पांढर्‍या मण्यांची होती. पण ती सर्वांच्या हातांतून फिरली, आणि जी ती मुलगी ती गळ्यांत घालून पाहूं लागली. पहिलीवर श्रम अधिक झाले होते. ती करणारी मुलगी खट्टू होऊन मला म्हणाली, “बाई, माझ्या माळेंत काय चुकलें?” त्या वेळीं मला तिला नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें शोधतां शोधतां जें वाचलें, आणि आपल्या महाड-पोलादपूरच्या मुलखांत जें पाहिलें व ऐकिलें, तें येथें लिहीत आहें.

मणी ओवणें ही फार पुरातन कला आहे. अहिल्यानगर (पूर्वींचा अहमदनगर) जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें १९५४ ते १९५६ या काळांत डॉ. ह. धी. सांकळिया व त्यांचे सहकारी यांनीं उत्खनन केलें. तेथील सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या वस्तींत एका लहान मुलाच्या सांगाड्याच्या गळ्याशीं तांब्याचे मणी सांपडले. आणि आश्चर्य असें कीं, मण्यांबरोबर त्यांत ओवलेल्या दोर्‍याचे तंतूही सांपडले. एरवीं दोरा हा सर्वांआधीं नष्ट व्हावयाचा. परंतु तांब्याच्या गंजानें तो राखून ठेविला. तपासणींत त्यांत रेशीम व कापूस या दोहोंचे तंतू दिसून आले. त्या गांवाचें त्या काळचें नांव आपणांस ठाऊक नाहीं, त्या लोकांची भाषा ठाऊक नाहीं. पण कोणी तरी माउलीनें आपल्या लेकराच्या गळ्यांत माळ बांधून त्यास निरोप दिला, एवढें त्या मण्यांवरून आज कळतें. अलंकार बोलतो असें आपण सहज म्हणतों, त्याचा अर्थ मला हें वर्णन वाचतांना प्रथम नीट उमगला.

आतां रचनेकडे वळूं. माळेचा पहिला नियम कोणा कारागिरानें केलेला नाहीं. तो गुरुत्वाकर्षणाचा आहे. दोन टोकांस धरून लोंबत सोडिलेली सांखळी एक विशिष्ट वक्र घेते. हा वक्र अन्वस्तासारखा दिसतो, पण तो अन्वस्त नव्हे. १६९१ सालीं हायगेन्स, लायब्निझ व योहान बर्नुली या तिघांनीं त्याचें खरें स्वरूप निरनिराळ्या रीतीनें शोधून काढिलें. माळ ओवणार्‍या बाईस हें गणित येत नसतें, पण त्याचें फळ तिच्या बोटांना अवगत असतें. जो मणी सर्वांत जड, तो आपण होऊन सर्वांत खालीं जाऊं पाहतो. त्यास तेथेंच जागा दिली तर माळ स्थिर राहते; त्यास बाजूस बसविलें तर सारी माळ फिरवून तो आपली जागा घेतोच. आमच्या विद्यार्थिनीचें पदक खांद्यावर कां आलें, याचें अर्धें उत्तर येथेंच आहे. तिनें तें मध्यभागीं लाविलें होतें खरें, पण तीन मोठीं पितळी घुंगरें सारीं एकाच बाजूस ओविलीं होतीं.

दुसरा नियम पुनरावृत्तीचा. तोच मणी पुनःपुन्हां आला म्हणजे डोळा त्यावरून ओव्या म्हटल्याप्रमाणें तालांत चालूं लागतो. मग ताल एकदांच, योग्य ठिकाणीं मोडला, तर तें स्थान उठून दिसतें. जपमाळेंतील मेरुमणी पाहा. एकशें आठ सारखे मणी, आणि एक निराळा. म्हणूनच अंधारांतही बोटास तो सांपडतो. सातही रंग आळीपाळीनें आले तर ताल लागतच नाहीं, आणि ताल नाहीं तर तो मोडणार तरी कसा? काळ्या-पांढर्‍या माळेनें सर्वांस कां भुरळ घातली तें आतां सांगावयास नको.

तुशी व एकदाणी हे दोन दागिने शेजारीं ठेवून पाहिले तर हा विचार अधिक स्पष्ट होईल. तुशींत सोन्याचे बारीक मणी इतके दाट बसविलेले असतात कीं, एकेक मणी दिसत नाहीं, गळ्यालगत एक सोनेरी पट्टाच दिसतो. एकदाणींत मोठ्या मण्यांचा एकच सर असून प्रत्येक मणी स्वतंत्र मिरवतो. सोन्याचें वजन सारखें धरलें तरी एकींत समुदायाचें सौंदर्य, दुसरींत एकेकाचें. तुशीला मागें सरकता गोंडा असतो, त्यामुळें तीच तुशी सासूच्या व सुनेच्या, दोघींच्याही गळ्यास बसते. ही सोय करणारा कारागीर, माझ्या मतें, नक्षी काढणार्‍याहून कमी शहाणा नव्हे.

आणि दोरा! सोनाराचें नांव सर्वजण घेतात. परंतु त्यानें घडविलेले मणी रेशमांत ओवणारा, गांठवणारा, गोंडे बांधणारा पटवेकरी मात्र कोणाच्या स्मरणांत राहत नाहीं. मण्याच्या भोकाची कड धारदार राहिली तर ती दोरा कापते. म्हणून चांगला पटवेकरी आधीं भोकांवर बोट फिरवितो, मग दोरा निवडतो. मोत्यांच्या सरांत दर दोन मोत्यांमध्यें गांठ देतात ती शोभेपुरती नसते. मोती एकमेकांस घासूं नयेत, आणि सर तुटलाच तर एकच मोती गळावा, सारे उधळूं नयेत, यासाठीं ती असते.

आपल्या दागिन्यांचीं नांवें ऐकावीं तर शेतांतून व परसांतून फेरफटका केल्यासारखें वाटतें. बोराच्या आकाराच्या मण्यांची बोरमाळ, जोंधळ्याच्या दाण्यांसारख्या मण्यांची जोंधळी पोत, जवाच्या आकाराचे जवमणी, बकुळीच्या फुलांचा हार, चाफेकळी, पायाच्या बोटांतील मासोळ्या. येथें एक गोष्ट माझ्या मनांत येते. आपल्या बाजूस भात व नाचणी पिकते. जोंधळा हें घाटावरचें पीक. तरीही महाडच्या आज्यांच्या पेट्यांतून जोंधळी पोत निघते. वरंध घाटानें व पोलादपुराहून आंबेनळी घाटानें जशी धान्याची व माणसांची ये-जा झाली, तशी दागिन्यांचीही झाली असली पाहिजे. घाटावरची लेक कोंकणांत नांदावयास आली, ती आपल्या शेताचा दाणा गळ्यांत घालून आली, असें मी मानतें. खालून बाणकोटच्या खाडींतून सावित्रीच्या पात्रानें महाडपर्यंत गलबतें येत असत. म्हणजे डोंगर व समुद्र या दोन्हींकडला माल या बाजारांत भेटे. पुतळ्यांची माळ हें त्याचेंच एक उदाहरण समजावें. ‘पुतळी’ हें मूळ एका परदेशी नाण्याचें आपल्या लोकांनीं ठेविलेलें नांव. व्हेनिस शहरच्या सोन्याच्या नाण्यांवर मनुष्याकृति असत, त्या पाहून त्यांस पुतळी म्हणूं लागले. पुढें नाणीं आटलीं, पण तशाच चकत्या ठशानें उठवून माळा होत राहिल्या.

कथा सांगण्याच्या हेतूनेंच घडविलेला दागिना पाहावयाचा तर कोल्हापुरी साज घ्यावा. त्यांत जाळीच्या मण्यांमधून लहान लहान पानें लोंबत असतात. पूर्ण साजांत हीं पानें एकवीस मानितात. त्यांतील दहा दशावतारांचीं, आठ अष्टमंगलांचीं, दोन माणिक व पाचू यांचीं, आणि शेवटचें डोरलें, अशी त्यांची परंपरागत फोड सांगतात. मत्स्य, कूर्म, चंद्र, शंख, कमळ अशा आकृति त्यांत ओळखूं येतात. म्हणजे अक्षरओळख नसलेली स्त्रीही तो दागिना बोटानें चांचपीत आपल्या नातवास अवतारांच्या गोष्टी सांगूं शके. हल्लीं पानें कमी करून साज हलका करितात. खर्चाच्या दृष्टीनें तें ठीकच. पण दहांतील चारच अवतार ठेविले तर कोणते गाळले, हें निदान घेणारास सांगावें.

मंगळसूत्राची कथा आंखूड पण नेमकी आहे. काळ्या मण्यांच्या सरांत दोन वाट्या. एक माहेरची, एक सासरची, असें आपल्या बायका सांगत आल्या. सर्व रंगांत दुर्लक्षिलेला काळा रंग येथें दृष्ट टाळणारा म्हणून मुख्य झाला, आणि सोन्याच्या दोन ठिपक्यांस त्यानें जो उठाव दिला तो दुसर्‍या कोणत्याही रंगानें दिला नसता. रचनेचा नियम व मनांतील श्रद्धा एकाच जागीं येऊन मिळाल्याचें याहून चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

सोनें-रुपें नसलें तरी कथेस अडत नाहीं. पोलादपूर तालुक्यांतील उमरठ हें नरवीर तानाजी मालुसरे यांचें गांव म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांचें स्मारकही तेथें आहे. ४ फेब्रुवारी १६७० रोजीं कोंढाण्यावर तानाजी पडले; तेव्हां शिवछत्रपतींनीं आपल्या गळ्यांतील कवड्यांची माळ त्यांच्या देहावर ठेविली, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. इतिहासाच्या कसोटीस ती किती उतरते हा प्रश्न निराळा. मला लक्षांत आणावयाचें तें हें कीं, आख्यायिका सांगणारांनीं हिरकणी किंवा मोत्यांचा कंठा म्हटलें नाहीं; कवड्या म्हटल्या. भवानीच्या भक्तांची कवड्यांची माळ बाजारांत कवडीमोल. पण जी गोष्ट सांगावयाची होती ती मोत्यांच्या कंठ्यानें सांगितली गेली नसती.

येथवर अलंकाराच्या बोलीचें कौतुक केलें. परंतु तीच बोली माणसाविरुद्धही बोलूं शकते, आणि हें ज्या गांवीं उघडपणें सांगितलें गेलें तें आपलें महाडच होय. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें, हें सर्वांस विदित आहे. त्याच वर्षीं २५ डिसेंबरपासून महाडास दुसरी परिषद भरली. या परिषदेच्या शेवटीं त्यांनीं खास स्त्रियांपुढें भाषण केलें, त्याची आठवण मात्र कमी लोक काढितात. त्या भाषणांत त्यांनीं मुलींस शिकवावें असें सांगितलें, आणि त्याबरोबरच लुगडें नेसण्याची रीत व दागिने यांविषयीं स्पष्ट बोलले. गळ्यांत एकावर एक घातलेल्या गळसर्‍या आणि हातांत कोपरापर्यंत भरलेले रुप्याचे किंवा कथलाचे गोट-पाटल्या ही तुम्हांस ओळखण्याची खूण होऊन बसली आहे, ती टाकून द्या, असा त्याचा आशय होता. गळसरी एक पुरे; घालावयाचें तर सोन्याचें घाला, नाहीं तर घालूंच नका; दागिन्यांवर पैसा घालण्यापेक्षां चांगल्या वस्त्रांवर घाला, असेंही त्यांनीं सांगितलें. आणि बायकांनीं तें ऐकिलें. लुगडें नेसण्याची रीत तर तेथल्या तेथें बदलल्याचें त्यांच्या चरित्रकारांनीं लिहिलें आहे.

या प्रसंगाचा विचार मी पुष्कळ दिवस करीत आलें आहें. प्रथम वाचिलें तेव्हां, खरें सांगतें, मला थोडें वाईट वाटलें. त्या गळसर्‍या, ते गोट कोणी तरी घडविलेले होते. त्यांत कांहीं कसब असेल, कांहीं आजीच्या आठवणी असतील. तें सारें एका भाषणानें उतरवावें काय? परंतु पुढें ध्यानांत आलें कीं, मी ती रचना बाहेरून पाहत होतें. दागिन्यांत पुनरावृत्तीनें डोळा खिळतो हें वर सांगितलें. येथें पुनरावृत्ति होती ती गळ्यांत व कोपरापर्यंत. आणि डोळा खिळत होता तो जातीवर. वाटेवरच्या अनोळखी माणसानेंही लांबूनच ओळखावें, बाजूस व्हावें, पाणी वरून ओतावें, एवढी चोख ती रचना होती. गोष्ट तिच्या गळ्यांत होती, पण ती तिनें रचिलेली नव्हती.

याची दुसरी बाजूही त्याच सुमारास दिसून आली. इंदूर संस्थानांतील कांहीं गांवीं बलाई लोकांवर जे हुकूम लादिले गेले, त्यांत त्यांच्या स्त्रियांनीं सोन्यारुप्याचे दागिने घालूं नयेत असाही एक होता. १९३६ सालच्या ‘जातिसंस्थेचें उच्चाटन’ या आपल्या प्रसिद्ध निबंधांत डॉ. आंबेडकरांनीं त्याचा दाखला दिला आहे. म्हणजे एके ठिकाणीं हलक्या धातूच्या भाराची खूण, दुसरीकडे सोन्यारुप्यास बंदी. दोन्हींत ठरविणारा दुसराच. म्हणून ‘सोन्याचें घाला, नाहीं तर घालूंच नका’ या सल्ल्यांत मला आतां काटकसरीपेक्षां निराळेंच कांहीं दिसतें. काय घालावयाचें तें घालणारीनें ठरवावें, हें त्यांतील मर्म होय.

मण्यांत निरोप गुंफण्याची चाल अन्य देशींही आहे. दक्षिण आफ्रिकेंतील झुलु स्त्रिया रंगीत काचमण्यांच्या लहान पट्ट्या विणून आपल्या आवडत्या पुरुषास देत; रंगांची निवड हीच त्यांची लेखणी. तेथेंही मणी मुख्यतः युरोपांतून व्यापार्‍यांनीं आणिलेले, पण त्यांनीं बोलावें काय हें त्या स्त्रियांनीं ठरविलें. युरोपांत १९६० नंतर कांहीं कलावंतांनीं सोनें व रत्नें यांचें माहात्म्यच नाकारून अ‍ॅल्युमिनियम, रबर, कागद यांचे अलंकार केले. त्यांपैकीं ऑटो कून्झ्ली या स्विस कलावंताचें १९८० चें एक कंकण प्रसिद्ध आहे. तें वरून नुसतें काळ्या रबराचें असून त्यांत एक गोळी लपलेली दिसते. ती सोन्याची आहे असें म्हणतात, पण रबर फाडिल्याखेरीज पाहतां येत नाहीं. त्याचें नांव ‘सोनें आंधळें करितें’. आमच्या वर्गांत मीं हें सांगितलें तेव्हां एक मुलगा लगेच म्हणाला, “मग सोनाराकडे गहाण कसें ठेवणार?” सर्व वर्ग हंसला, पण प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. आपल्याकडे दागिना हा स्त्रीचा साठा आहे. भातलावणीस पैसा कमी पडला, कोणी आजारी पडलें, मुलाची फी भरावयाची झाली, कीं पाटल्या जातात. जमलें तर परत येतात. अशा घरीं सोनें रबरांत लपवून चालत नाहीं.

आपल्या देशांत जानेवारी १९६३ मध्यें सुवर्णनियंत्रण आलें, आणि चौदा कॅरटांहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. अनेक सोनारांची भट्टी त्या वेळीं विझली. १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० मध्यें रद्द झाला. हल्लीं सोन्याचा भाव चढत गेल्यामुळें रुप्यावर मुलामा दिलेले साज व तुश्या, काचेचे व भाजलेल्या मातीचे मणी, रेशमी दोर्‍याचे हार यांकडे तरुण मुलींचा ओढा आहे. मला त्यांत गैर वाटत नाहीं. धातूची किंमत उतरली म्हणजे रचनेस उघडें पडावें लागतें. सोन्यांत खपून जाणारी चूक मातीच्या मण्यांत खपत नाहीं. कातकरी वाड्यांवरील बाया आठवडेबाजारांतून चार पुड्या काचमणी नेऊन ज्या माळा ओवितात, त्यांतील निळा व पांढरा यांचा मेळ पाहून मला अनेकदां वाटलें आहे कीं, हस्तकलेचे तास आम्हीं त्यांच्याकडे घ्यावेत.

येथें एक घरची गोष्ट सांगण्याची परवानगी घेतें. २२ जुलै १९२१ नव्हे, २०२१ (हात अजून जुन्या शतकाचा आंकडा लिहितो) या दिवशीं सावित्री व गांधारी या नद्यांचें पाणी महाडांत शिरलें, आणि त्याच दिवशीं तालुक्यांतील तळीये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. त्यापुढें आमची हानि सांगण्यासारखी नाहीं. पाणी ओसरल्यावर आईची पेटी चिखलांत सांपडली. तींत तिची बोरमाळ होती. लाखेच्या मण्यांवर सोन्याचा पातळ पत्रा चढविलेली, जुन्या पद्धतीची. दोरा कुजला होता. मणी एकेक करून गाळांतून वेंचले, कोमट पाण्यांत हलकेच धुतले, आणि ओवावयास दिले. एक मणी कमी भरला. पटवेकरी म्हणाला, “नवा मिळतो, जोडून देतों.” आई म्हणाली, “नको. त्या जागीं काळा मणी घाला.” तिनें कारण सांगितलें नाहीं, आणि त्यानेंही विचारलें नाहीं.

ती पहिली विद्यार्थिनी यंदां आपली माळ पुन्हां ओवून घेऊन आली. घुंगरें काढिलीं होतीं, रंग दोनच ठेविले होते, पदक बरोबर मध्यें राहत होतें. मात्र डाव्या बाजूस, पदकापासून सहाव्या जागीं, एक चपटा हिरवा मणी तिनें तसाच राखिला होता. मीं म्हटलें, “हा काढलास तर माळ अधिक नीट दिसेल.” ती म्हणाली, “हो, दिसेल. पण तो पोलादपूरच्या आजीच्या पोतींतला आहे.” मीं तिला त्या माळेस दहांपैकीं नऊ गुण दिले, एक कां कापला याचें नीट कारण अजून मला देतां आलेलें नाहीं.